टीएलए प्लस: पेमेंट रिट्रायच्या मॉडेलवर टीएलसी संपतच नाही

प्रश्न:
पेमेंट सेवेतल्या रिट्रायचं स्पेक (सिस्टिमने कसं वागावं याचं काटेकोर वर्णन) प्लसकॅलमध्ये लिहिलंय; या भाषेचं रूपांतर टीएलए प्लस या स्पेक लिहायच्या भाषेत होतं. ३ क्लायंट, विनंत्या हाताळणारे २ वर्कर, मध्ये मेसेज क्यू (मेसेजची रांग). वेळेत उत्तर आलं नाही की क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. एका विनंतीचे पैसे दोनदा कापले जात नाहीत ना, एवढंच तपासायचंय. टीएलसी (मॉडेलच्या सगळ्या शक्य अवस्था तपासणारं साधन) रात्रभर चालतं, स्टेट्स, म्हणजे या अवस्था, वाढतच राहतात. काय कमी करू?

उत्तर १:
रिट्रायला मर्यादा घातली आहे का? नसेल तर क्यू हवा तितका लांबतो आणि मशीन कितीही मोठं घेतलंत तरी टीएलसी थांबणार नाही. दर विनंतीला वाढणारा आयडी किंवा टाइमस्टॅम्प असेल तर तोही काढा, आयडींचा ठरावीक संच द्या. पैसे दोनदा कापले जाण्याचा बग सापडायला १ क्लायंट, १ विनंती, १ रिट्राय आणि २ वर्कर पुरतात. तिथून हळूहळू वाढवा.

मेसेजचा क्रम महत्त्वाचा नसेल तर सीक्वेन्सऐवजी (क्रमवार यादीऐवजी) बॅग वापरा, म्हणजे क्रम न ठेवणारा पण सारख्या प्रती मोजणारा संग्रह. साधा संच नको: रिट्रायची प्रत मूळ मेसेजसारखीच असल्याने संचात ती वेगळी उरत नाही, आणि शोधायचं आहे ते नेमकं तेच.

उत्तर २:
स्टेट्स कमी करायला लेबलं (कोडमधल्या पायऱ्यांना दिलेली नावं) काढणार असाल तर जपून. प्लसकॅलमध्ये एका लेबलपासून पुढच्या लेबलपर्यंतचं सगळं एका दमात घडतं. ‘हा आयडी आधी आलाय का’ हे वाचणं आणि पैसे कापणं एकाच लेबलखाली ठेवलंत, तर दोन वर्करांची शर्यत मॉडेलमधून गायबच होते. प्रत्यक्ष कोडमध्ये ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नसतील किंवा आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दोनदा नोंदवू न देणारं बंधन) नसेल, तर लेबलं वेगळीच हवीत.

३ क्लायंटवर सिमेट्री लावली, म्हणजे फक्त क्लायंटची अदलाबदल झालेल्या स्टेट्स एकच धरल्या, तर स्टेट्स जास्तीत जास्त सहापट कमी होतील. पण ती फक्त इन्व्हेरियंटसाठी, म्हणजे प्रत्येक स्टेटमध्ये खरी राहायला हवी अशा अटीसाठी. ‘प्रत्येक विनंतीला कधीतरी उत्तर मिळतं’ असा लाइव्हनेस गुणधर्म तपासताना सिमेट्री बंद ठेवा, नाहीतर खरी चूक निसटू शकते. त्यासाठी वेगळी कॉन्फिग फाइल करा.

प्रश्नकर्ता:
रिट्राय २ वर आणल्यावर रन संपला, एकही एरर नाही. टीमकडे प्लांटयूएमएल या आकृत्या काढायच्या साधनातली सीक्वेन्स आकृती (मेसेज कुठून कुठे कोणत्या क्रमाने जातात ते दाखवणारी) आहे, ती आता काढून टाकू का?

उत्तर १:
एरर नाही म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. स्पेकमधली आयडीची तपासणी मुद्दाम काढून पुन्हा चालवा. तरीही इन्व्हेरियंट मोडला नाही, तर इन्व्हेरियंट चुकीचा आहे किंवा रिट्रायची पायरी कधी घडतच नाही. आकृती राहू द्या. या मोडक्या स्पेकमधून मिळणारा एरर ट्रेस (चुकीपर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांची यादी) तिच्याशेजारी दुसरी आकृती म्हणून काढा. टीएलसी स्वतः एकाच थ्रेडवर चालवलंत (मॉडेलमधले २ वर्कर तसेच ठेवून) तर ते सर्वांत छोटा ट्रेस देतं. कोड रिव्ह्यू करणाऱ्याला आयडीची तपासणी कशासाठी आहे, ते त्यावरून लगेच कळतं.