मदत हवी आहे: उमेदवारांना शेतीवर असे काय विचारावे की गोल उत्तर देता येणार नाही? (काटोल, जि. नागपूर)

वखरपाळी | ७ नोव्हेंबर २०२४

राजेहो, मदत पाहिजे. २० तारखेला मतदान आहे. त्याआधी काटोल मतदारसंघातल्या उमेदवारांना गावात एका मंचावर बसवून शेतीवर बोलते करायचे आहे. प्रत्येकाला दहा मिनिटे. सोयाबीन, संत्रा, कर्जमाफी आणि वीज हे विषय ठरलेत. "तुमची भूमिका काय?" असे विचारले की सगळेच शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहतात. मग प्रश्न घालावा कसा? यातले आमदाराच्या हातात काय, दिल्लीच्या हातात काय? परवानगी लागते का? आणि उत्तरे छापून वाटली तर चालतील?

लेखाशीर्ष | ७ नोव्हेंबर

आधी कर्जमाफी घ्या, कारण हा पूर्णपणे राज्याचा विषय आहे आणि दोन्ही बाजूंनी कबूल केलेला आहे. महायुतीच्या दहा वचनांत कर्जमाफी आहे. आघाडीने तीन लाखांपर्यंतची माफी आणि नियमित फेडणाऱ्याला ५० हजार सांगितले आहेत. म्हणून "द्याल का?" हा प्रश्न वाया जातो. अटी विचारा, खरी कापणी तिथेच होते.

२०१७ च्या माफीत मर्यादा दीड लाखाची आणि हिशेब कुटुंबाचा होता. वरची रक्कम आधी स्वतः भरल्याशिवाय लाभ नव्हता. २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाख, कर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधले आणि थकबाकी ३० सप्टेंबर २०१९ ची. व्याजासकट दोन लाखांच्या वर रुपया गेला की माणूस यादीबाहेर. तेव्हा चार गोष्टी वदवून घ्या: थकबाकी कोणत्या तारखेची धरणार, मर्यादा मुद्दलाची की व्याजासकट, हिशेब खातेदाराचा की कुटुंबाचा, आणि मर्यादेच्या वर असलेल्याने काय करायचे. पुनर्गठन झालेले (थकल्यावर नव्याने हप्ते बांधून दिलेले) कर्ज धरणार का, हेही विचारा. नाहीतर गावातली अर्धी खाती तिथेच अडकतात.

सोयाबीनचा हमीभाव केंद्र ठरवते. यंदा ४,८९२ रुपये आहे आणि बाजार त्याच्या खाली. "भाव वाढवून देऊ" म्हणणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. एक, राज्याच्या तिजोरीतून फरक देणार का? दोन, क्विंटलवर देणार की हेक्टरवर? २०२३ च्या खरिपासाठी राज्याने कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० दिले, तेही दोन हेक्टरपर्यंत. एकरी आठ क्विंटल धरले तर हेक्टरी वीस होतात, म्हणजे क्विंटलला २५० रुपये पडले. ज्याचे पीक ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीकनोंदीत) चढले नव्हते, त्याचे आधी त्यावरही अडले.

महायुतीच्या वचनात हमीभावावर २० टक्के अनुदान आहे. ४,८९२ चे २० टक्के म्हणजे ९७८. हे सरकारी खरेदी केंद्रावर विकलेल्या मालालाच, की व्यापाऱ्याला विकलेल्यालाही? एवढ्या एका उत्तरावर सगळे वचन उभे आहे, कारण केंद्रावर नोंदणी करून मेसेजची वाट पाहत बसणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. तो दिवाळीआधीच माल काढतो.

बहार_मृगाचा | ८ नोव्हेंबर

संत्र्याला बांगलादेशचे आयात शुल्क आडवे आले आहे. ते ना आमदाराच्या हातात, ना मुंबईच्या. पण डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने त्यावर ५० टक्के निर्यात अनुदान जाहीर केले होते. ते निर्यातदाराच्या खात्यात जाते. बागवानाच्या सौद्यात त्यातला रुपया तरी दिसावा म्हणून काय अट घालणार, हे विचारा.

विजेचे म्हणाल तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला मार्च २०२९ पर्यंत बिल नाही. त्यामुळे "मोफत वीज" वर टाळ्या घेऊ देऊ नका. खरा प्रश्न सौर पंपाचा आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. एचपी ठरते सातबाऱ्यावरून, पाण्याच्या खोलीवरून नाही. काटोल-नरखेडमध्ये बोअर खोल आहेत. दोन एकर बागवाल्याला तीनचा पंप मिळतो. तो पाणी वर आणतो, पण ठिबकला दाब उरत नाही आणि ढगाळ दिवशी शेवटच्या लॅटरलला (ठिबकच्या नळीला) थेंबही जात नाही. हा निकष राज्याने लावला आहे, म्हणजे राज्याला बदलता येतो. खोलीप्रमाणे एचपी द्यायला तयार आहात का, हो की नाही?

बांधकोर | ८ नोव्हेंबर

परवानगीचे सांगतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४८ तास आधीची अट असते, म्हणून तीन दिवस हाताशी ठेवा. बोलावणे सगळ्या उमेदवारांना लेखी द्या आणि पोच जपून ठेवा. एकच जण आला तर मंडप, खुर्च्या नि भोंग्याचा खर्च त्याच्या हिशेबात धरला जाऊ शकतो. त्याला ४० लाखांची मर्यादा असते, त्यामुळे त्याचे लोक आधी हेच विचारतील. रात्री १० नंतर भोंगा बंद. १८ तारखेला संध्याकाळी ६ ला प्रचारच संपतो, म्हणून सभा १६ च्या पुढे नेऊ नका.

पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता पाहिजेच, लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क. झेरॉक्सच्या गठ्ठ्यालाही हा नियम लागतो. सगळे इथेच चुकतात.

पाणंद रस्ता (शेतात जाणारी वाट) यादीत नाही? मी तो घातला असता. मात्र "रस्ता करू" ऐकून गप्प बसू नका. प्रशासकीय मान्यता आहे का, कार्यारंभ आदेश निघाला का, की अर्थसंकल्पात नुसती टोकन (नावापुरती) तरतूद आहे, ते विचारा. आमदार निधी वर्षाला पाच कोटी, गावे शेकड्यांनी. त्यातून पाणंदी होत नाहीत. अतिक्रमणामुळे अडलेला रस्ता तर आमदाराकडचा विषयच नाही. त्यासाठी तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली जावे लागते.

वखरपाळी | ९ नोव्हेंबर

खूपच कामाचे. सोयाबीनच्या ओलाव्याचा प्रश्न ठेवू का? खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलाव्याचा माल परत पाठवतात.

लेखाशीर्ष | ९ नोव्हेंबर

नको. निकष केंद्र सरकारचा आहे. "दिल्लीला पत्र लिहू" म्हणून सुटतील.

बहार_मृगाचा | १६ नोव्हेंबर

भाऊ, ओलाव्याचा तो प्रश्न पुन्हा यादीत घ्या. काल केंद्राने यंदापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. पण १२ च्या वरच्या ओलाव्याचा भार राज्याने सोसायचा आहे. म्हणजे पैसा राज्याचा.

लेखाशीर्ष | १६ नोव्हेंबर

खरे आहे, माझा सल्ला मागे घेतो. असे विचारा: "१४ टक्के ओलाव्याचा माल केंद्रावर आला, तर शेतकऱ्याच्या पट्टीत (विक्रीच्या पावतीत) ४,८९२ पूर्ण लिहिले जातील का, आणि फरक कोणत्या खात्यातून?"

वखरपाळी | १६ नोव्हेंबर

सभा आज संध्याकाळीच आहे. हाच पहिला प्रश्न ठेवतो. केंद्रावरची एक पट्टी नि ओलावा मोजायचे यंत्र मंचावर ठेवायला सांगितले आहे.