‘दोनशे रुपयांत साचा’ म्हणे! रेझिन कोस्टरवाल्यांनो, जरा थांबा

साचेबद्ध (धागा माझाच)

आपल्या सोलापूरच्या क्राफ्टवाल्यांच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरली. सार असं: कोस्टरचे, म्हणजे कपाखाली ठेवायच्या चकत्यांचे, साचे विकत घेणारे लोक येडे आहेत. बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन घ्या, कॉर्नफ्लोअर घालून मळा, त्यात आवडेल ती वस्तू दाबा, दोनशे रुपयांत साचा तयार. शेवटी एक ‘खास टीप’: कुणाचा महागडा साचा आवडला तर एकदाच विकत घ्या आणि घरी त्याच्या कॉप्या काढा. खाली नुसत्या टाळ्या. मी दोन ओळी लिहिल्या तर ‘ताई, निगेटिव्ह पसरवू नका’ म्हणून उडवल्या. आता इथे ऐसपैस लिहिते.

फटी बुजवायचं ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं वाळतं, बाहेरून आत. गोळा जाड असेल तर आत दिवसेंदिवस कच्चा राहतो. कॉर्नफ्लोअरमुळे ओलावा आतपर्यंत पोचतो, म्हणून ती युक्ती चालते. साचा होतो, नाही कोण म्हणतंय? पण तो कणकेसारखा गोळा वस्तूवर दाबताना सुरकुत्या पडतात, हवा अडकते, आणि रेझिन (साच्यात ओतून घट्ट करायचं द्रव प्लॅस्टिक) असलं चोंबडं असतं की साच्यावरचा प्रत्येक ओरखडा कोस्टरवर उमटतो. साचा खरखरीत तर कोस्टर धुरकट. मग पॉलिश पेपर मारा, वरून पुन्हा रेझिनचा थर द्या. त्या रेझिनचे पैसे दोनशेत धरले होते का?

ओतायच्या दोन भागांच्या सिलिकॉनचा (दोन द्रव मिसळून वस्तूवर ओतायचे, मग त्याचं रबर होतं) हिशेब सांगते. १० सेंमी व्यासाचं, ८ मिमी जाडीचं साधं गोल कोस्टर. भोवती १ सेंमी भिंत आणि खाली ६ मिमी तळ ठेवला तर ९५ घन सेंमी, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम सिलिकॉन लागतं. भाव किलोला हजाराच्या घरात धरला तर एका साच्याला शंभरेक रुपये, वर मूळ नग (ज्यावर साचा ओततात ती वस्तू), चौकट आणि वाया गेलेलं वेगळं. तसलाच गोल साचा बाजारात दीड-दोनशेला मिळतो, तोही आरशासारखा गुळगुळीत. वाचलं काय? म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गोल, चौकोन, षटकोन विकत आणा. आकार तुमचा स्वतःचा असेल तरच साचा करा, आणि तोही धड सिलिकॉनचा.

कॉपीच्या टीपेबद्दल तर बोलायलाच नको.

कडक भाकरी

ती पोस्ट माझीच. आणि तुमची कमेंट ॲडमिननं उडवली, मी नाही, उगं माझ्यावर बिल फाडू नका.

ताई, तुम्ही काय सांगलालाव? मी गड्ड्याच्या जत्रेत दुसऱ्याच्या स्टॉलच्या कोपऱ्यात कोस्टर विकले, त्यातले निम्मे त्याच फटीच्या सिलिकॉनमधले. धुरकट म्हणून एकानंबी परत केले नाहीत. उलट ‘मॅट फिनिश’ म्हणून वीस रुपये जास्त घेतले. गिऱ्हाइकाला आरसा नको असतो, दाढी करायची आहे का त्याला कोस्टरमध्ये?

आणि तुमचा हजाराचा भाव कुरिअर सोडून ना? आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात फटीच्या सिलिकॉनची, बंदुकीत घालायची नळी आत्ता जाऊन आणता येते. तुमचं ते ‘धड’ सिलिकॉन मागवा, वाट बघा, डबा फुटून आला तर भांडत बसा. पोराला सुट्टीत काहीतरी करायचं असतं, त्याला काय प्लॅटिनमवाल्या भारी सिलिकॉनचं ज्ञान द्यायचं?

पूर्व भागातली

मी साचेबद्ध ताईंच्या बाजूनं होते, पण माझे पैसे त्या भारीतल्या सिलिकॉननंच बुडवले. दोन्ही भाग सारखे मिसळायचे असतात, ते एकास एक वालं मागवलं. मुलाच्या शाळेच्या प्लॅस्टिसिनची सुंदर कमळं केली, वर ओतलं. दुसऱ्या दिवशी उचललं तर बाहेरून रबर आणि आत कमळाला लागून चिकट थर, शेंबडासारखा. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणाला, ‘मॅडम, माप चुकलं असेल.’ माप काट्यावर केलं होतं हो! तिथून मी सिलिकॉनचं नाव सोडलं. आता बाजारच्या दोनशेवाल्या साच्यात पांढरी-निळी लाट ओतते आणि गप्प बसते.

साचेबद्ध

पूर्व भागातली, माप बरोबरच असणार. प्लॅटिनमवाल्या सिलिकॉनला (ते घट्ट व्हायला त्यात प्लॅटिनमचा अंश असतो) गंधकाचं वावडं असतं. शाळेच्या बऱ्याच प्लॅस्टिसिनमध्ये गंधक असतं, जिथे ते लागतं तिथला थर वाळतच नाही. लॅटेक्सच्या पिवळ्या हातमोज्यांनीही हेच होतं, अर्धवट वाळलेल्या इपॉक्सीनंही (म्हणजे आपलं कोस्टरचं रेझिन). दुसऱ्या जातीच्या, टिनवाल्या सिलिकॉनला हा त्रास कमी. त्यात कॅटॅलिस्ट (घट्ट करणारं द्रव) वजनाच्या दोन-पाच टक्के घालायचं असतं, स्वस्त पडतं, पण महिने जातात तसं ते आक्रसतं आणि लवकर फाटतं. विकणाऱ्यानं हे आधी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगत, कारण त्यालाही माहीत नसतं, पिंपं भरून आणतो आणि डब्या भरून विकतो.

कडक भाकरी, पोरांच्या सुट्टीसाठी असेल तर पोस्टमध्ये तसं लिहायचं होतं. तुम्ही लिहिलंत ‘विकत घेणारे येडे’. आणि पोरांना सांगताना हातमोजे कुठे होते? इपॉक्सीचा हार्डनर (घट्ट करायला मिसळतात तो भाग) उघड्या हातावर लागत राहिला तर एक दिवस कातडी कायमची बिथरते, मग नुसत्या वासानं पुरळ येतं. पोस्टच्या फोटोत तर तुमचे हात उघडेच आहेत.

होटगी रोडचा

तुमचं सिलिकॉन राहू द्या बाजूला. हे सगळं साफ करायला पाणी कुठाय? चार-पाच दिवसांआड नळ. उजनीपासून पाइपलाइनच्या बाता ऐकून केस पिकले. परवा नळ आला तो रात्री अडीचला. बायको बादल्या भरते आणि हे महाशय (म्हणजे मी) रेझिनचे ग्लास घेऊन उभे. घरात चाललेलं भांडण इथे लिहिण्यासारखं नाही. आधी पाणी द्या, मग कोस्टर.

साचेबद्ध

दादा, रेझिन पाण्यानं धुवायचंच नसतं. ग्लास सिलिकॉनचा ठेवा, वाळल्यावर आतलं कवच सोलून निघतं. साच्यातली धूळ चिकटपट्टी लावून उचला. बाकी नळाचं म्हणाल तर आमच्याकडेही तीच गत आहे, वेगळा धागा काढा, पहिली कमेंट माझी.

हातमागाची नात

मला त्या ‘खास टीपे’वर बोलायचंय. कुणीतरी बसून आकार काढतो, ॲक्रिलिक कापून घेतो, कडा घासतो, साचा करून विकतो. तुम्ही एक विकत घेता आणि दहा कॉप्या काढता. ह्याला युक्ती नाही, चोरी म्हणतात. माझे आजोबा जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, भोकांचे पुठ्ठे पाडायचे. एका चादरीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्यांची ही चळत असायची, एक भोक चुकलं तर मोराची मान वाकडी. महाराष्ट्रातली पहिली जीआय (त्या गावच्या मालालाच ते नाव लावता येतं अशी नोंदणी) मिळालेली वस्तू आहे सोलापुरी चादर. आणि आज उत्तरेकडच्या मागांवरची पातळ मिसळीची चादर ‘सोलापुरी’ म्हणून आपल्याच स्टेशनबाहेर विकतात. कॉपीवाल्यांनी आमच्या गल्लीतले माग भंगारात घातले. आता तुम्ही तेच कोस्टरचं करताय, तेही ज्ञान वाटल्यासारखं.

कडक भाकरी

आली चादर! सोलापुरात कशावरही बोला, तिसऱ्या मिनिटाला चादर येते.

अक्का, माग भंगारात गेले ते कॉपीमुळे का सुताच्या भावानं, विजेच्या बिलानं आणि मालकांच्या पोरांना धंद्यात रस नसल्यानं? माझा बापबी मागावरच होता. आणि तुमच्या पानावरचे कोस्टर बघितले मी. मोर आहे, चौकटीची नक्षी आहे. तो मोर काय तुमच्या अंगणात नाचला होता? चादरीवरनंच उचलला की! तुम्ही उचलला तर वारसा आणि आम्ही उचलला तर चोरी?

हातमागाची नात

माझ्या पानावर जाऊन बघायची वेळ आहे, हातमोजे घालायची नाही. तो मोर माझ्या आजोबांच्या वहीतला आहे, चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं एकेक चौकोन भरून काढलेला. हवं तर वही दाखवते. नको, तुम्हाला नकोच, तुम्ही फोटो काढून साचा कराल.

कोर्टामागचा

दोघं ऐका, शिव्या नंतर. जीआयनं ‘सोलापुरी चादर’ हे नाव राखलं जातं, मोर राखला जात नाही. आधीपासून लोकांसमोर असलेली नक्षी कुणालाच आपल्या नावावर नोंदवता येत नाही, त्यामुळे पारंपरिक मोर सगळ्यांचा. साच्याचा नवा आकार मात्र डिझाइन कायदा २००० खाली नोंदवता येतो, १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून. नोंदवला नाही आणि कारखान्याच्या पद्धतीनं ५० पेक्षा जास्त नग काढले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही संपतो. म्हणजे बरेच साचेवाले कायद्याच्या दृष्टीनं उघड्यावरच बसलेत.

कडक भाकरी

बघा. कायदाच म्हणतो.

हातमागाची नात

कायदा म्हणतो की ते उघड्यावर बसलेत. तुम्ही दगड मारा असं म्हणत नाही. आणि कोर्टामागचे, तुमच्या ५० नगांच्या नियमानं कोण मेलं ते बघा. जो एकटा बसून करतो, त्याला नोंदणीची फी कुठून परवडायची? उचलणाऱ्याला काहीच खर्च नाही. माझ्या मावशीच्या सासरी टॉवेलचे माग होते. व्यापारी नमुना म्हणून एक टॉवेल घेऊन गेला, दोन महिन्यांनी तोच काठ दुसऱ्याच्या मालावर, दोन रुपये कमी भावानं. ‘कायद्यात बसतं’ हे तेव्हाही ऐकलं होतं.

कोर्टामागचा

मी कायदा केला नाही ओ, वाचला फक्त. फुकट सल्ला दिला तरी शिव्याच. उद्यापासून फी घेतो.

जुळे सोलापूरकर

चादरीच्या नादात कुणी साधा प्रश्न विचारला नाही. त्या कोस्टरवर गरम चहा ठेवून बघितलाय का? मला एकीनं दिवाळीला सेट दिला, सोनेरी कडा वगैरे. स्टीलचा पेला ठेवला, उचलला तर कोस्टरसकट वर. खाली गोल वळ उठलेला. आता त्यावर टीव्हीचा रिमोट ठेवतो. तसंही आमच्याकडे चहा बशीत ओतून पितात, कोस्टरची गरज पुण्याच्या पाहुण्यांना.

साचेबद्ध

साधं ओतीव रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि पेल्याचा बूड त्याहून गरम असतो. उष्णता सोसणारं वेगळं मिळतं, तेच वापरावं, आणि पूर्ण मुरायला आठवडाभर द्यावा. लोक दुसऱ्या दिवशी पॅक करून देतात. हे साच्याचं पाप नाही.

आणि कॉपीच्या टीपेत तांत्रिक घोळही आहे, तो कुणीच काढला नाही. सिलिकॉनच्या साच्यात थेट सिलिकॉन ओतलं की दोन्ही एकजीव होतात. मधे व्हॅसलीनसारखं काहीतरी हवं. साचा टिनवाल्या सिलिकॉनचा आणि वरचं प्लॅटिनमवालं असेल तर वरचं वाळणारच नाही. रेझिनचा नग काढून त्यावरून साचा केला तर चालतं, पण दर पिढीला चमक उतरते. चोरीसुद्धा नीट शिकवता येत नाही!

कडक भाकरी

व्हॅसलीन लिहायचं राहिलं, मान्य. एवढंच मान्य. बाकी माझी पोस्ट आहे तिथंच राहणार. ‘येडे’ शब्द काढतो, तुमच्यासाठी नाही, आईनं वाचला म्हणून. कॉपीची ओळबी काढतो, कारण अक्का स्वप्नात येऊन पुठ्ठ्यानं मारतील.

हातमागाची नात

उपकार झाले. स्क्रीनशॉट ठेवलाय.

पूर्व भागातली

तुमचं मिटलं असेल तर मला सांगा, कमळ करायचंच आहे अजून. प्लॅस्टिसिन नको म्हणता, मग कशाचं करू? आणि मे महिन्यात ४२-४३ मध्ये ओतू का पावसाची वाट बघू?

साचेबद्ध

८ मिमी ॲक्रिलिक लेझरवर कापून घ्या. वरची संरक्षक फिल्म काढायला विसरू नका, तिचाच पोत उमटतो. गुळगुळीत टाइलवर दुहेरी टेपनं घट्ट चिकटवा, नाहीतर सिलिकॉन खालून घुसतं. एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धारेनं ओता, धार ताणली की बुडबुडे फुटतात. एमडीएफचं (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) कापलंत तर आधी वार्निशचे थर द्या, ते सिलिकॉन पितं. उन्हाळ्यात पहाटे ओता, दुपारी हातातच घट्ट व्हायला लागतं. रेझिन तर कपात साठवून ठेवूच नका, जास्त असेल तर तापून धूर सोडतं.

कडक भाकरी

लेझरवाला एका नगाला तोंड वाकडं करतो. नंबरप्लेट आणि बोर्ड करणाऱ्याकडं जावा, त्याच्याकडं ॲक्रिलिकचे तुकडे पडलेले असतात. दुपारी तीननंतर जावा, सकाळी तो गिऱ्हाइकाला उभंबी करत नाही. फाइल पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेली उघडत नाही म्हणतो. कमळाच्या पाकळ्यांची टोकं बारीक ठेवू नका, साच्यातनं काढताना तिथंच फाटतं. हे मला फटीच्या सिलिकॉननं शिकवलं, प्लॅटिनमनं नाही.

होटगी रोडचा

नळ आला. नंतर वाचतो.