वानुआतूत पक्षांतरावर थेट लोकांचा कौल घेतला, पुढे काय झाले?

साखळीची टीचर

नमस्कार. मी उच्च माध्यमिकला राज्यशास्त्र शिकवते. पक्षांतरबंदीचा धडा आला की मुले हमखास आपल्याच गोवा विधानसभेवर येतात. 2019 साली विरोधी पक्षाच्या 15 पैकी 10 आमदारांनी पक्ष बदलला, 2022 च्या सप्टेंबरात 11 पैकी 8 जणांनी. दोन्ही वेळा विलीनीकरणाला लागणारा दोन तृतीयांशांचा आकडा भरला आणि आमदारकी शाबूत राहिली. परवा एका मुलीने विचारले, "टीचर, 1967 साली गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावर जनमत कौल घेतला होता ना? मग फुटण्याबद्दल लोकांना का नाही विचारत?"

तिच्यासाठी शोधताना प्रशांत महासागरातले वानुआतू सापडले. तिथे 29 मे 2024 रोजी नेमके याच विषयावर सार्वमत झाले आणि लोकांनी होकार दिला. तिथली राज्यपद्धती कशी आहे, सरकारे इतकी का पडतात आणि सार्वमतानंतर फरक पडला का, हे कोणी सांगेल का? तिथे जाऊन आलेले कोणी असेल तर फारच बरे.

पेडण्याचा तारवटी

टीचर, मी जाऊन आलोय. सिडनीहून सुटणाऱ्या पर्यटक बोटीवर कामाला होतो, वानुआतूची राजधानी पोर्ट विलाला बोट लागायची. उतरायला मिळाले की मी बाजारात जायचो. भाजी विकणाऱ्या बायका सरकारबद्दल आपल्या तिठ्यावरच्या माणसांसारख्या तावातावाने बोलायच्या. तेव्हापासून त्या देशाच्या बातम्या मी सोडलेल्या नाहीत.

आधी मागचे थोडे. 1906 पासून 1980 पर्यंत इंग्रज आणि फ्रेंच या दोघांनी मिळून ही बेटे चालवली. पोलीस दोन, कायदे दोन, शाळा दोन प्रकारच्या. त्यामुळे इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचा पक्ष वेगळा, फ्रेंचवाल्यांचा वेगळा. 30 जुलै 1980 ला स्वातंत्र्य मिळाले. पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी हे अँग्लिकन पाद्री, ते 1991 पर्यंत टिकले. त्यानंतर पक्षांचे तुकडे होत गेले आणि आजवर ते थांबलेले नाही.

संसद एकच, 52 खासदारांची. बऱ्याच मतदारसंघांतून एकापेक्षा जास्त खासदार जातात, पण मतदाराला मत एकच. म्हणजे आपले गाव आणि नातेवाईक धरून ठेवले तरी थोडक्या मतांत माणूस निवडून येतो, पक्षाची गरजच पडत नाही. अस्थिरतेचे मूळ मला तरी इथे दिसते. शिवाय मंत्री किती, तर खासदारांच्या एक चतुर्थांशापर्यंत, म्हणजे पंतप्रधान धरून 13. आपल्याकडे 40 आमदारांत 12. मंत्रिपदाची आशा दाखवून माणूस खेचणे दोन्हीकडे सोपेच.

2023 चे उदाहरण घ्या. पंतप्रधान इश्माएल काल्साकाऊ यांच्यावर अविश्वास ठराव आला, 26 मते पडली. एक जागा रिकामी होती, म्हणून 26 पुरे की 27 हवीत हा वाद कोर्टात गेला. कोर्टाने 26 पुरे म्हटले. सप्टेंबरात सातो किल्मन आले, ऑक्टोबरात तेही गेले आणि शार्लो साल्वाई आले. महिन्याभरात तीन पंतप्रधान!

पण तुमच्या मुलांना 2015 ची गोष्ट आवर्जून सांगा. त्या वर्षी लाचखोरीत 14 खासदार दोषी ठरले, त्यात सभापतीही होते. राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल परदेशी होते आणि तिथल्या घटनेप्रमाणे त्यांच्या गैरहजेरीत सभापतीच राष्ट्राध्यक्षाचे काम बघतो. सभापतींनी तो अधिकार वापरून स्वतःला आणि बाकीच्या 13 जणांना माफी देऊन टाकली. लॉन्सडेल परतले आणि त्यांनी ती माफी रद्द केली. सगळे तुरुंगात गेले. लॉन्सडेलही पाद्रीच. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

सार्वमतात दोन कलमे होती. 17अ म्हणते, खासदाराने पक्ष सोडला किंवा पक्षाने त्याला काढले तर त्याची जागा जाते. 17ब म्हणते, अपक्षाने किंवा पक्षाच्या एकुलत्या एक खासदाराने कुठल्या तरी पक्षाशी जोडून घ्यायचे.

फरक? सहा महिन्यांत, नोव्हेंबर 2024 मध्ये, साल्वाईंवर अविश्वासाची वेळ आली आणि संसदच बरखास्त झाली. 17 डिसेंबरला मोठा भूकंप झाला, तरी 16 जानेवारी 2025 ला निवडणूक घेतली. फेब्रुवारीत जोथम नापात पंतप्रधान झाले. माझे मत विचाराल तर एकेकटा उडी मारणारा आता घाबरेल, पण तिथली सरकारे पडतात ती अख्खा पक्ष आघाडीतून उठला की. 17अ त्याला हात लावत नाही.

म्हापशाचा वकील

तारवटी भाई, छान सांगितले. दोन फरक जोडतो, परीक्षेला उपयोगी पडतील. आपल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, अपक्ष आमदार निवडून आल्यावर पक्षात गेला तर अपात्र होतो. तिथे पक्षात गेलेच पाहिजे, बरोबर उलटे. दुसरे, आपल्याकडे पक्षाने नुसती हकालपट्टी केली म्हणून आमदारकी जात नाही. तिथे जाते. हे मला धोक्याचे वाटते. उद्या खासदाराने पक्षाध्यक्षाला सभागृहात खरे सुनावले तर त्याला काढून जागाच रिकामी करता येईल. फुटीर माणूस आणि सच्चा माणूस, दोघांना एकच शिक्षा.

साखळीची टीचर

दोघांचेही मनापासून आभार. वकीलबाब, तुमचा मुद्दा मी वर्गात वादविवादालाच लावते. एक राहिले. तिथे गावच्या प्रमुखांची परिषद असते असे वाचले, तिला सरकार पाडता येते का? आणि पंतप्रधान थेट लोक निवडतात का?

पेडण्याचा तारवटी

नाही टीचर. त्या परिषदेचे नाव मालवातुमाउरी. रूढी, परंपरा, भाषा याबाबत ती संसदेला सल्ला देते, कायदा करत नाही. पण जमिनीच्या बाबतीत तिचा शब्द फार मोठा, कारण घटनेनेच देशातली सगळी जमीन मूळ रहिवासी आणि त्यांच्या वंशजांची ठरवली आहे. परक्याला भाडेपट्टा मिळतो, मालकी नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या जमिनी कशा गेल्या ते आठवून मी हे कलम पुन्हा पुन्हा वाचले आहे.

राष्ट्राध्यक्षाला संसद आणि प्रांतिक परिषदांचे अध्यक्ष मिळून पाच वर्षांसाठी निवडतात. पंतप्रधानाला खासदार निवडतात, तेही गुप्त मतदानाने. म्हणून त्या निवडीत पक्षाविरुद्ध मत दिले एवढ्यावरून हकालपट्टी करणे सोपे नाही, कोणी कोणाला मत दिले हे आधी पक्षाला कळायला हवे. कोणी कोणाला मत दिले हे आधी पक्षाला कळायला हवे.