गव्हावरील मावा: फवारणीआधी ममी पाहा
ढगाळ हवामान दिसताच, मावा ही रस शोषणारी कीड येण्याची वाट न पाहता गव्हावर फवारणी उरकून घ्यावी, हा सल्ला मला पटत नाही. मावा झपाट्याने वाढतो हे खरेच, कारण हंगामात त्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले देतात आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. नत्राचा डोस जास्त झालेल्या लुसलुशीत पिकात तर विचारायलाच नको. परंतु निफाडच्या आमच्या शेतात ओंबीवरील मावा भिंगाखाली पाहिला, की हिरव्या किडींमध्ये काही फुगलेल्या, सोनेरी-तपकिरी, कागदासारख्या कडक झालेल्या दिसतात (यांनाच ममी म्हणतात) आणि त्यांतील काहींच्या पाठीला सुबक गोल छिद्र असते. ॲफिडियस या इवल्या परोपजीवी गांधीलमाशीने जिवंत माव्यात घातलेल्या अंड्यातून वाढलेला नवा कीटक त्या छिद्रातून बाहेर पडलेला असतो. अशा ममी आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या (लेडीबर्ड) काळपट अळ्या वाढत असतील, तर सरसकट रासायनिक फवारणीत माव्याबरोबर हे मित्रकीटकही मरतात, आणि मावा मात्र त्यांच्याआधी सावरतो. शेजारच्या द्राक्षबागेत हा मावा शिरेल ही भीतीही अनाठायी आहे, कारण तो गवतवर्गीय पिकांवरच जगतो. फवारावेच लागले, तर बांधालगतच्या मावाग्रस्त पट्ट्यापुरतेच फवारावे.