'डिस्क्रिमिनेशन'ला भेदभाव म्हणायचं की आणखी काही?

रानजाई:
मंडळी एक शब्द अडलाय. व्हिएन्नाला युरोपीय संघाची मूलभूत हक्कांची एजन्सी आहे, त्यांनी 2015-16 ला 28 देशांत साडेपंचवीस हजार लोकांना विचारलं होतं, सगळे वांशिक अल्पसंख्याक नाहीतर स्थलांतरित, की तुमच्याशी डिस्क्रिमिनेशन झालं का. आमच्या मंडळात त्याच्यावर मराठीत बोलायचंय. मी सगळीकडे 'भेदभाव' लिहिलं आणि आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, अगं समोरच्याच्या मनातला भाव तुला कसा कळणार? तेव्हापासून ते खटकतंय. दुसरा शब्द आहे का?

पाटीपेन्सिल:
आईंचं बरोबर आहे! भेदभाव, दुजाभाव, सापत्नभाव, तिन्हीत 'भाव' आहे, म्हणजे बोट मनाकडे जातं. युरोपचा 2000 सालचा वांशिक समानतेचा कायदा हेतू विचारतच नाही, तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या माणसापेक्षा तुम्हाला वाईट वागणूक मिळाली का ते बघतो. मला आधी पंक्तिप्रपंच सुचला, किती नेमका शब्द आहे, एकाच पंगतीत एकाच्या भातावर तूप आणि शेजारच्याला कोरडाच. कामावरच्या पगार-बढतीला तो चपखल बसतो. पण ज्याला पंगतीत बसूच दिलं नाही, घरच मिळालं नाही, मुलाखतीलाच बोलावलं नाही, त्याचं काय? तिथे 'डावलणं'. ती कृती आहे, मनात काय होतं ते सिद्ध करावं लागत नाही.

कोकणकडा:
डावलणं ला माझं मत. जर्मनीत मी घर शोधत होते तेव्हाची गोष्ट, मी मेल केला तर उत्तर आलं फ्लॅट गेला, आणि त्याच दुपारी ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीने तिच्या नावाने मेल टाकला तर तिला शनिवारी बघायला या म्हणून सांगितलं. तेव्हा मला कोणी 'भेदभाव झाला का' विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते, पुरावा काय आणि उगाच कुणावर आरोप कशाला असं वाटलं असतं. 'डावललं का' विचारलं असतं तर लगेच हो. तक्रार केली नाही, आता वाईट वाटतं. रानजाई ताई, त्याच पाहणीत आहे ना, असा अनुभव आलेल्यांपैकी फक्त 12 टक्के लोकांनी शेवटच्या प्रसंगाची कुठे तक्रार केली होती?

रानजाई:
हो 12च. आणि कारणांत सगळ्यात वरचं कारण, तक्रार करून काही बदलणार नाही. फार लागलं मला ते वाचून.

पाटीपेन्सिल:
अजून एक, 'स्थलांतरित' सरसकट लिहू नका हं. त्या पाहणीत रोमा लोक (ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणायचे) पण आहेत, ते हंगेरी, स्लोव्हाकिया, रोमानियात शेकडो वर्षं राहतायत, तिथलेच नागरिक आहेत, त्यांना स्थलांतरित म्हणणं म्हणजे आपणच त्यांना बाहेरचं ठरवणं. (त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी'च म्हणतात, भारतातून गेलेली भाषा आहे.) आणि जी मुलं तिथेच जन्मली त्यांचं काय? जर्मनीत 2005 पासून सरकारी मोजणीत 'स्थलांतराची पार्श्वभूमी असलेले' असा शब्द आला, स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जरी जन्माने जर्मन नागरिक नसेल तर तुम्ही त्यात. माणूस कधीच कुठून आला नाही तरी पार्श्वभूमी चिकटलेली! म्हणून मी 'स्थलांतरित आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुलं' असं लांब लिहीन, शब्द वाढले तर वाढू देत.

कोकणकडा:
माझी मुलगी इथेच जन्मली, तिला शाळेत विचारतात तू खरी कुठली. तिला मराठीत काय म्हणायचं ते मलाही सुचलेलं नाही.

रानजाई:
खूप आभार सगळ्यांचे. मग असं करते, शीर्षकात 'भेदभाव' राहू दे कारण लोक तोच ओळखतात, पण प्रश्न असा लिहिते: 'गेल्या पाच वर्षांत घर किंवा काम शोधताना तुम्हाला डावललं गेलं का? कशावरून, रंग, मूळ देश की धर्म?' उद्या आईला परत वाचून दाखवते.