‘श्वास चालू आहे’ की ‘घरघर लागली आहे’?

प्रश्न : १०८ किंवा ११२ वर फोन केल्यानंतर, रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत, पलीकडच्या व्यक्तीने फोनवरूनच छाती दाबायला सांगायचे झाल्यास ते मराठीत कोणत्या शब्दांत सांगावे? ‘हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन’ हा शब्द छापील पत्रकात शोभतो. पण पंचवटीतल्या एखाद्या वाड्यात कोणी कोसळले असताना तो कोणाच्या कानात शिरेल असे वाटत नाही.

उत्तर : ‘सीपीआर’ला (‘हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवना’च्या इंग्रजी नावाचे हे लघुरूप) सोपा प्रतिशब्द नसला तरी अडणार नाही, कारण ‘छाती दाबा’ एवढे पुरते. खरी अडचण ‘श्वास’ या साध्या शब्दात आहे. हृदयक्रिया बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत पुष्कळदा माणूस तोंड उघडून, थांबून थांबून, घशातून आवाज करत हवा ओढतो. पाहणाऱ्याला तो श्वास वाटतो. प्रत्यक्षात त्याने शरीराचे काहीही भागत नाही. मराठीला हे दृश्य फार पूर्वीपासून परिचित आहे. ‘आचके देणे’, ‘घरघर लागणे’, ‘ऊर्ध्व लागणे’ हे शब्द त्याचेच आहेत. मात्र या तिन्ही शब्दांत ‘आता संपले’ हा अर्थ मुरलेला आहे. एखाद्या कारखान्याला घरघर लागली असे वर्तमानपत्रात वाचले की आपण तो बंद पडणार हे गृहीतच धरतो.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातले एक वृद्ध शेजारी ओसरीवर कोसळले, तेव्हा मी हे जवळून पाहिले. त्यांचा जबडा माशासारखा उघडमीट करत होता. काकू म्हणाल्या, ‘घरघर लागली, गंगा आणा.’ (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) देवघरातला गडू आला, तुळशीचे पान आले, चार माणसे भोवती बसली आणि छातीला कोणाचाही हात लागला नाही. त्या माणसांच्या मायेत काही कमी नव्हते. घरघर लागल्यावर काय करायचे असते हे त्या शब्दानेच त्यांना शिकवले होते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये हे मला पुढे प्रशिक्षणात कळले, आणि घरघर म्हणजे छाती दाबायला लागण्याची वेळ, हेही तेव्हाच.

म्हणून फोनवर ‘श्वास घेताहेत का?’ असे विचारू नये. त्याला ‘हो, घेताहेत’ हेच उत्तर येईल. ‘हाक मारल्यावर उत्तर देतात का? नेहमीसारखा श्वास घेताहेत का?’ असे विचारावे. उत्तरात आचके किंवा घरघर हा शब्द आला, की पुढचा प्रश्न न विचारता दाबायला सांगावे.

दुसरा मुद्दा क्रियापदाचा आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी अशा फोनवरील संभाषणांचा भाषिक अभ्यास करून तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ‘तुमची करायची तयारी आहे का?’ अशा अर्थाच्या प्रश्नापेक्षा ‘आता आपण हे करणार आहोत’ अशा अर्थाच्या विधानाला लोक अधिक वेळा होकार देतात, असे त्यात दिसले. इंग्रजीच्या ‘वुई’ या एका सर्वनामासाठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन आहेत, आणि इथे त्यांचा फरक जिवाशी येतो. ‘आम्ही करतो’ म्हटले की ऐकणारा दाराकडे डोळे लावून रुग्णवाहिकेची वाट पाहील. ‘ताई, आपण आता छाती दाबायला सुरुवात करतोय’ म्हटले की तिचे हात कामाला लागतील. ‘दाबाल का?’ ही आर्जवी विनंती एरवी गोड असली, तरी इथे नको.

‘मालिश’ आणि ‘चोळा’ हे शब्दही टाळावेत. १९६० मध्ये अमेरिकेत ही पद्धत प्रथम मांडली गेली तेव्हा तिच्या नावात ‘मसाज’च होता, परंतु आपल्याकडे तो शब्द ऐकून लोक छातीला बाम लावू लागतील. ‘छातीच्या मधोमध, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर न वाकवता, दोन इंच खाली जाईल इतके जोरात दाबा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या’ यात अनोळखी शब्द एकही नाही.

पुरवणी, दुसऱ्या सदस्याकडून : वरील उत्तरात मोजणी राहिली. दाबण्याची गती मिनिटाला १०० ते १२० असावी लागते, म्हणजे प्रत्येक दाबाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. ‘एक, दोन, तीन, चार’ त्यात बसतात; ‘एकोणीस’, ‘सत्तावीस’, ‘एकोणतीस’ बसत नाहीत, आणि जीभ अडखळली की हातही मंदावतात. आमच्या सोसायटीच्या सभागृहात बाहुलीवर सराव करताना तिसाच्या जवळ येताच प्रत्येकाची लय सुटत होती. प्रशिक्षकांनी ‘एक-दोन-तीन-चार’ हेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, तेव्हा सत्तरीच्या आजीसुद्धा दोन मिनिटे एका लयीत दाबू शकल्या. फोनवरही पलीकडच्याने हेच चार आकडे मोठ्याने म्हणत राहावे आणि इकडच्याला आपल्याबरोबर म्हणायला लावावे.