उत्तर: चढावर गाडी मागे उलटते

तुमची रिमोटवर चालणारी क्रॉलर (दगडांवर चढणारी छोटी मॉडेल गाडी) चढावर मागे उलटते, असं विचारलंत. शॉक (चाकांचे स्प्रिंगवाले धक्काशोषक) कडक करून गाडी उंच केलीत, तिथेच घोळ आहे. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि चढावर गाडी लगेच मागे झुकते. माझ्या एससीएक्स-१० या क्रॉलरला मी उलट मऊ स्प्रिंगा घातल्या. गाडी स्वतःच्या वजनानेच शॉकच्या स्ट्रोकच्या, म्हणजे दबण्याच्या एकूण अंतराच्या, जवळपास निम्म्यापर्यंत बसते. त्यामुळे चाक खड्ड्यात गेलं की शॉक उघडतो आणि टायर दगड सोडत नाही. एक चाक पुस्तकांच्या थप्पीवर चढवून बघा, बाकी तिन्ही जमिनीला टेकलेली हवीत. टायर बॉडीला घासतोय का, तेही तेव्हाच कळतं. बॅटरी पुढे सरकवा, आणि जमलं तर पुढच्या नकल्स (चाकं वळवणारे सांधे) पितळी घाला. पितळेचं वजन अॅक्सलवर (चाकांच्या आसावर), म्हणजे अगदी खाली राहतं. फरक पहिल्याच चढावर जाणवेल.